नऊ नंबरची मुदतवाढ

पंपघरात आठ पंप होते आणि त्यांच्या देखभालीला एक पर्यवेक्षक. पंप आळीपाळीने बंद पडत. पर्यवेक्षक एकतीस वर्षांत एकदाही बंद पडले नव्हते. खिशात निरनिराळ्या मापांचे वायसर बाळगायची त्यांना सवय होती. कुणाच्याही घरी गेले की आधी नळाकडे बघत आणि मग माणसांकडे. त्यामुळे लोक त्यांना तोंडावर वायसरसाहेब म्हणत आणि पाठीमागे नुसतं वायसर. त्यांना दोन्ही ठाऊक होतं, आणि दोन्हींत त्यांना काही गैर वाटत नव्हतं.

पंपघरात प्रत्येक पंपाचं एक हिस्टरी कार्ड असे. पंप बसवला त्याच दिवशी कार्डावर दोन तारखा पडत, एक बसवल्याची आणि दुसरी बाद करायची. मधल्या काळात पंपाने पाणी चढवायचं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. ही पद्धत वायसरसाहेबांनीच तरुणपणी आणली होती. तिची बावीस नियमांची एक पुस्तिकाही त्यांनी लिहिली होती. कचेरीने ती हिरव्या कव्हरात छापली आणि ती वाचणारा माणूस आजवर एकच झाला, तो म्हणजे लेखक. पुढे आणखी एक वाचक निघाला, पण ते नंतर.

एका सकाळी पंपघरामागच्या वाळूच्या ढिगावर त्यांना कुत्र्याचं एक पिल्लू सापडलं. त्यांनी ते हत्यारांच्या पिशवीत घालून घरी आणलं. बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “खर्च किती येईल?”

तिच्या मनात दूध आणि पाव होते. ती चपलांच्या दुकानात काम करायची. आणलेल्या वस्तूला हे विचारायचंच, म्हणून तिने विचारलं होतं. पण वायसरसाहेबांना आजवर इतका योग्य प्रश्न कुणी विचारला नव्हता. उत्तर द्यायला त्यांनी अकरा दिवस घेतले.

आधी त्यांनी गावातल्या तीन पशुवैद्यांकडून दर मागवले. ‘एका कुत्र्याची आजन्म देखभाल, सर्व बाबींसह’ असा विषय होता. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने कुत्र्यांच्या साबणाचं माहितीपत्रक पाठवलं. तिसऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी त्याच कागदाच्या मागे ‘आधी कुत्रा दाखवा’ असं लिहून कागद परत केला. तिन्हींत हेच उत्तर मुद्द्याला धरून असल्यामुळे काम त्यांना मिळालं. पिल्लू आठ आठवड्यांचं आहे असं त्यांनी दात बघून सांगितलं. साधारण किती वर्षं जगेल, यावर त्या म्हणाल्या, दहा म्हणा, चौदा म्हणा, कुत्र्यावर आहे. वायसरसाहेबांनी बारा लिहिले.

मग तक्ता तयार झाला. नवं यंत्र पहिल्या वर्षी खोड्या काढतं, मग बरीच वर्षं निमूट चालतं आणि शेवटी कुरकुरायला लागतं, हे त्यांना पंपांवरून माहीत होतं. त्यांनी कुत्र्यालाही तेच लावलं. पहिल्या वर्षी लसी, जंतांचं औषध आणि नसबंदी. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंत वर्षाला एक लस, एक तपासणी आणि ‘अपघाती दुरुस्ती’ नावाची एक माफक रक्कम. सातव्या वर्षी दात साफ. नववं, दहावं, अकरावं वर्ष सांधे, डोळे आणि रक्ततपासणीसाठी. बारावं वर्ष जवळजवळ रिकामं. दर महिन्याला पगारातून ठरलेली रक्कम एका वेगळ्या खात्यात जायची. खातं असं बेतलेलं होतं, की बारा वर्षं पूर्ण होतील त्या दिवशी त्यात काहीही उरू नये.

तक्ता स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला गेला. शेजारी कार्ड. यंत्र क्रमांक नऊ. मूळ किंमत या रकान्यात शून्य लिहिलं असतं तर पुढची सगळी गणितं शून्य झाली असती, म्हणून त्यांनी एक लिहिला. बाद करायची तारीखही लिहिली. मुलगी तेव्हा शाळेत होती. तिने पिल्लासाठी एक सुंदर नाव शोधून ठेवलं होतं. ते कुणालाच आठवेनासं झालं आणि कुत्र्याचं नाव नऊ नंबर पडलं. हाक मारली की तो यायचा. त्याची काही तक्रार नव्हती.

पहिली दोन वर्षं खर्च अंदाजाला अगदी चिकटून गेला. तिसऱ्या वर्षी नऊ नंबरने तळमजल्यावरच्या शिंप्याची मापपट्टी खाल्ली. सगळी नाही, सुरुवातीचे अकरा सेंटिमीटर. ती काढायला पोट उघडावं लागलं. अपघाती दुरुस्तीची रक्कम त्या सकाळीच संपली आणि सातव्या वर्षाच्या दातांतून उचल घ्यावी लागली. त्यामुळे पुढची चार वर्षं नऊ नंबरला हाड मिळालं नाही. दात वापरले गेले तर साफ करावे लागणार, हे उघडच होतं.

त्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. पट्टीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत आणि नवी पट्टीही घेतली नाही. उरलेल्या पट्टीनेच मापं काढत आणि प्रत्येक आकड्यातून गिऱ्हाइकासमोर मोठ्याने अकरा वजा करत. वायसरसाहेब पायऱ्या उतरताना तर वजाबाकी जरा जास्तच मोठ्याने होई. नऊ वर्षांत मास्तर नऊ नंबरला नावाने एकदाही बोलले नाहीत. “तुमचं ते जनावर” म्हणत, आणि तेही फक्त साहेबांच्या बायकोशी, म्हणजे वहिनींशी.

चौथ्या वर्षी पंपघरात एक गोष्ट घडली. तिचा कुत्र्याशी काही संबंध नव्हता. तीन नंबरच्या पंपाची तारीख आली. पंप व्यवस्थित चालत होता. वीस वर्षं त्याच्याजवळ बसलेला ऑपरेटर म्हणाला, साहेब, एकदा कान लावून बघा, घड्याळासारखा चालतोय. साहेबांनी कान न लावता कार्ड दाखवलं. पंप उखडला आणि भंगारवाला घेऊन गेला. दोन महिन्यांनी कळलं, की त्याने तो मागच्या गल्लीतल्या लाँड्रीला विकला आणि तिथे तो दिवसभर चालतो.

तेव्हापासून रविवारचा फेरा बदलला. आधी वायसरसाहेब कुत्र्याला मैदानाकडे नेत. आता लाँड्रीच्या मागच्या भिंतीकडे नेऊ लागले. तिथे पोचले की ते उभे राहत आणि भिंतीला तळवा लावत. आतून एकसारखी घरघर येई. नऊ नंबर शेजारी बसून राही. पाच मिनिटांनी दोघे परत फिरत. तिथे हुंगायला काय आहे कोण जाणे, असं लाँड्रीतल्या बायका म्हणत. त्या कुत्र्याबद्दल बोलत होत्या.

असा आठ वर्षं तीन नंबर चालला आणि नऊ नंबरही. हिशेब इतका जुळत गेला, की वायसरसाहेब पाहुण्यांना चहाआधी कपाटाचं दार उघडून दाखवत. त्यात एक अडचण एवढीच होती, की पाहुण्यांना बाद करायची तारीखही दिसे. ती जवळ येऊ लागली तशी घरातली माणसं कुत्र्याशी जरा जपून वागायला लागली. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. ती फोनवर आधी त्याची चौकशी करायची आणि मग बापाची.

तारखेला तीन महिने राहिले असताना नऊ नंबरने दोन दिवस जेवण सोडलं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, मग सोनोग्राफी केली. प्लीहेवर गाठ होती, लिंबाएवढी. फुटली तर तासाभरात खेळ खलास. काढली तर साधी निघेल किंवा निघणार नाही, ते काढल्याशिवाय कळणार नव्हतं. आठवड्याच्या आत ठरवा, असं त्यांनी सांगितलं आणि खर्चाचा आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. तो जवळजवळ दोन महिन्यांच्या पगाराएवढा होता. खात्यात त्याचा दहावा हिस्सा होता. खातं अगदी बरोबर चाललं होतं.

वायसरसाहेबांनी घरी येऊन हिरवी पुस्तिका काढली. नियम चौदा: आयुष्याच्या अखेरच्या वर्षात मूळ किमतीच्या दशांशाहून अधिक खर्चाची दुरुस्ती हाती घेऊ नये. त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि पुस्तिका मिटली. मग नऊ नंबरचं पाण्याचं भांडं भरून ठेवलं.

“मूळ किंमत काय लिहिलीत?” बायकोने विचारलं.

“एक.”

“म्हणजे त्याची नखं कापली तीसुद्धा नियमाबाहेरच.”

नखांचं त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

पैशाचा प्रश्न नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. साहेब वर्षभरात निवृत्त होणार होते, थोडंफार साठलेलं होतं. मुलीने फोनवर बापाला सरळ विचारलं, की करणार आहात की नाही. प्रकरण विचाराधीन आहे, असं बाप म्हणाला. मग तिने आईला बजावलं, की पैसे मी पाठवते, तू त्याला उचल आणि घेऊन जा, बाबांना नंतर सांग.

“नेईन गं,” आई म्हणाली. “पण मग ते मी केलेलं होईल. यांचा चौदावा नियम तसाच राहील. आणि हा माणूस उरलेला जन्म त्या भिंतीला हात लावून काढेल, एक हात पंपासाठी, एक हात कुत्र्यासाठी.”

म्हणजे रविवारच्या फेऱ्याचं तिला ठाऊक होतं. आठ वर्षं ती त्यावर एक शब्द बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पुस्तिका पर्समध्ये घालून दुकानात गेली. दुपारी गिऱ्हाईक नसतं. खोक्यांच्या चळतीला टेकून तिने बावीसच्या बावीस नियम वाचले. अशा रीतीने पुस्तिकेला दुसरा वाचक मिळाला. संध्याकाळी तिने ती नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“हा पंधरावा कुणी लिहिला?”

पंधरावा मुदतवाढीचा होता. एखादं यंत्र अजून चालण्याजोगं आहे असं वाटल्यास त्रिसदस्य समितीने ते प्रत्यक्ष पाहून आयुष्य वाढवून द्यावं. एक तज्ज्ञ, एक वापरकर्ता आणि एक यंत्राशी हितसंबंध नसलेला बाहेरचा माणूस. कार्ड ठेवणाऱ्याने समितीत बसू नये. हा नियम त्यांनी पुस्तिका अपुरी वाटू नये म्हणून घातला होता. तो वापरावा असं तेव्हापासून कुणाला सुचलं नव्हतं. तीन नंबरच्या वेळीसुद्धा नाही.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, “ही समिती लेखी बोलवावी लागेल.”

“बोलवा,” ती म्हणाली. “पण उद्या.”

तज्ज्ञ डॉक्टरीणबाई. वापरकर्ती ती स्वतः. अडलं ते बाहेरच्या माणसापाशी. बारा वर्षांत नऊ नंबरने इमारतीत एकही माणूस हितसंबंधावाचून सोडला नव्हता. पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत सगळे त्याचे कान कुरवाळून वर जायचे. साहेबांनी प्रत्येक मजल्याचा विचार केला आणि एकच नाव उरलं.

मास्तर म्हणाले, दुकान सोडून मी कुठे येणार नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी चार वाजता समिती त्यांच्याच दुकानात भरली. डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या मधल्या वेळात आल्या आणि इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. वहिनी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर. नऊ नंबर कापडाच्या कपट्यांच्या ढिगावर आडवा झाला. तिथे त्याला नऊ वर्षांत पहिल्यांदाच प्रवेश मिळाला होता, पण त्याचं कौतुक करायची त्याच्यात ताकद नव्हती. साहेबांना बसायला मनाई असल्यामुळे ते उंबऱ्याबाहेर उभे होते, हातात छापील नमुना आणि पेन घेऊन.

डॉक्टरीणबाईंनी मत दिलं: काढावी. वापरकर्तीने मत दिलं: काढावी, आणि लवकर. मग मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि चौकशी सुरू केली. दुखतंय का त्याला? आत्ता थोडं, पुढे जास्त. भूल दिल्यावर कळतं का? नाही. वय जास्त आहे का? आहे, पण हृदय चांगलं आहे. आणि नाही काढली तर? डॉक्टरीणबाईंनी ते आधी सांगितलं होतं, तरी पुन्हा सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली. बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे त्यांनी बघितलं नाही.

“काढा,” ते म्हणाले.

पण नमुन्यात आणखी एक रकाना होता: वाढवून दिलेले आयुष्य, वर्षांत. तो भरल्याशिवाय कागद पुरा होत नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आकडा मी देणार नाही, कुठलाच शहाणा डॉक्टर देणार नाही. वहिनी म्हणाल्या, दहा लिहा. उंबऱ्याबाहेरून साहेबांनी नम्रपणे सांगितलं, की आकड्याला आधार लागतो.

मास्तर उठले. गळ्यातली पट्टी काढून ते कपट्यांच्या ढिगाजवळ गुडघ्यांवर बसले. त्यांनी मानेपासून शेपटीपर्यंत माप घेतलं, मग छातीचा घेर, मग पुढच्या पायांमधलं अंतर. प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा म्हटला आणि मोठ्याने अकरा वजा केले. नऊ नंबरने पट्टी हुंगली. ती ओळखीची वाटली असावी, कारण शेपटी दोनदा हलली.

“टाके घातले की तो चाटणार,” मास्तर म्हणाले. “गळ्यात ते भलंमोठं प्लास्टिकचं घातलंत, तर माझ्या काचेच्या दारावर आपटत फिरेल. त्यापेक्षा अंगात काहीतरी शिवतो. एकेरी कापडाचं शिवलं तर दोन महिन्यांत फाटेल. तसलं मी शिवत नाही. पँटचं कापड आहे, दुहेरी घेतो, शिवणीत माया ठेवतो. तीन वर्षं बघायला नको.” त्यांनी उंबऱ्याबाहेर हात केला. “द्या तो कागद इकडे.”

त्यांनी तीन लिहिले. शेजारी ‘आधार’ असा रकाना होता. त्यात लिहिलं: कापड चांगले आहे. खाली सही केली.

वायसरसाहेबांनी कागद हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तारीख घालायची राहिली होती. ती त्यांनी स्वतःच घातली.

शस्त्रक्रिया तिसऱ्या दिवशी सकाळी झाली. ती चालली तेवढा वेळ साहेब दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत होते. तिथल्या बेसिनचा नळ ठिबकत होता. पहिल्या पंधरा मिनिटांत त्यांनी त्याचा वायसर बदलला. मग मोरीतला नळ, मग मागच्या अंगणातला. मदतनीस बाई बाहेर आली तेव्हा ते चांगला चालणारा एक नळ उघडून बसले होते. नंतर तो नळ पुन्हा पहिल्यासारखा कधी झाला नाही, पण डॉक्टरीणबाईंनी ते बिलात लावलं नाही.

गाठ साधी निघाली. अहवाल यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस साहेबांनी कपाटाचं दार एकदाही उघडलं नाही.

नऊ नंबर घरी आला तो राखाडी पँटच्या कापडात. पाठीवर बटणांची रांग होती, पोटाखाली दुहेरी अस्तर आणि उजव्या बाजूला एक खिसा. खिसा कशाला, असं वहिनींनी विचारलं. सवयीने झाला, असं मास्तर म्हणाले. शिलाई त्यांनी घेतली नाही. बिल मात्र दिलं: मापपट्टी, एक, नवी. साहेबांनी ते कार्डावर तिसऱ्या वर्षाच्या अपघाती दुरुस्तीखाली नोंदवलं आणि त्या बाबीपुढे ‘पूर्ण’ असं लिहिलं.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांच्या गळ्यात नवी पट्टी दिसली. जुनी वजाबाकी काही दिवस चालूच राहिली. एका नवऱ्या मुलाची विजार त्यामुळे भलतीच आखूड झाली, असं ऐकतो.

तिसऱ्या रविवारी हळूहळू फिरवायला परवानगी मिळाली. साहेबांनी निघताना तेलाची छोटी बाटली बरोबर घेतली आणि वायसरची पुडी नऊ नंबरच्या खिशात ठेवली. लाँड्रीपाशी आले, पण मागच्या भिंतीकडे वळले नाहीत. पुढच्या दाराने आत गेले. मालक कपड्यांना चिठ्ठ्या लावत होता. त्याने आधी कुत्र्याचे कपडे पाहिले आणि ते धुवायला आणलेत का, असं विचारलं.

साहेब म्हणाले, पंप बघायचा होता. कोपऱ्यात तीन नंबर चालत होता. त्याच्यावरचा आकडा कुणी खरवडलाही नव्हता. बुडाशी पाण्याचा एक बारीक ओघळ होता. साहेब खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याला कान लावला.

“तुम्ही याच्या कंपनीचे का?” मालकाने विचारलं.

“नाही. मी याला बाद केलं होतं.”

“बरं केलंत,” मालक म्हणाला. “नाहीतर आम्हाला कुठून परवडला असता?”

साहेबांनी मान हलवली. मग पंप दहा मिनिटं बंद ठेवता येईल का, असं विचारलं, आणि नऊ नंबरच्या खिशात हात घालून योग्य मापाचा वायसर शोधू लागले.